ड्यून बाबांना घरी दाखवू का थिएटरात? (पुणे, कानाचं मशीन आहे)

माणदेशी_लेक:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७० वर्षांचे. मूळचे माण तालुक्यातले, नोकरीला म्हणून पुण्यात आले ते इथलेच झाले, आता कोथरूडला आम्ही सगळे एकत्र राहतो. ड्यून हे फ्रँक हर्बर्टचं, वाळवंटी ग्रहावरच्या गोष्टीचं पुस्तक त्यांनी १९७८ का ७९ ला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं, तेव्हा इंग्रजी बेताचंच होतं त्यांचं, शेजारी डिक्शनरी घेऊन चार महिने वाचत होते. ती प्रत अजून घरात आहे. कव्हर नाही, मागचा वाळवंटाचा नकाशा सेलोटेपने चिकटवलेला, आणि पानापानावर पेन्सिलने मराठीत लिहिलंय. स्टिलसूट शब्दाच्या बाजूला "घाम गाळून परत प्यायचा पोशाख" असं आहे, मला लहानपणी ते वाचून कायम वाटायचं की हे गावाकडचंच काहीतरी असणार.

आणि तसं ते त्यांच्यासाठी गावाकडचंच आहे. ७२ च्या दुष्काळात ते १६ वर्षांचे होते, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलीये, सुकडी खाऊन दिवस काढलेत. आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून तेच पुढे गुरांना, असं सगळं. अजूनही आमच्या घरी पेल्यात पाणी उरलेलं त्यांना चालत नाही, पाहुण्यांनी अर्धा ग्लास ठेवला तर उचलून कुंडीत ओततात. ते म्हणतात की गोष्ट परग्रहावरची आहे पण लिहिणाऱ्याला पाण्याचं कळलेलं आहे.

तर मुद्दा असा की त्यांनी त्यावरचे दोन्ही सिनेमे बघितलेले नाहीत. २०२१ ला पहिला आला तेव्हा कोरोनाची भीती, २०२४ च्या मार्चमध्ये दुसरा आला तेव्हा नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आता तिसऱ्याची तारीख १८ डिसेंबर २०२६ जाहीर झालीये आणि मला तो तरी त्यांना दाखवायचाच आहे. त्याआधी पहिले दोन. पण कसे? घरी ४३ इंची टीव्ही आहे, सोफा लांब आहे, साधारण ९-१० फूट. साठेक हजार बाजूला काढलेत, त्यात नवीन मोठा टीव्ही घेऊ का याच टीव्हीला चांगला साउंडबार लावू? का काहीच न घेता थांबू आणि तिसऱ्याच्या आधी पहिले दोन थिएटरात परत लागतायत का बघू? दोन्ही कानांना मशीन आहे, पटपट बोललेलं इंग्रजी निसटतं. अडीच तास बसवेल का हाही प्रश्न आहेच.

ज्यांनी दोन्हीकडे बघितलाय त्यांनी प्लीज सांगा.


पडदा_७०एमएम:

ताई, मी थिएटरवाला आहे हे आधीच सांगतो म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. लहानपणी शिवाजीनगरच्या राहुलला वडिलांबरोबर इंग्रजी पिक्चर बघितलेत, मोठ्या पडद्याची सवय तिथे लागली ती सुटली नाही.

पहिला भाग मी २२ ऑक्टोबर २०२१ ला बघितला. तारीख पाठ आहे कारण महाराष्ट्रातली थिएटरं कित्येक महिन्यांनी त्याच दिवशी उघडली, निम्म्या क्षमतेने, एक खुर्ची सोडून एक. मास्क लावून बसलो होतो. सुरुवातीला ते सगळं डोक्यात होतं, म्हणजे शेजारी कोण खोकतंय वगैरे, पण यानं वाळवंटात उतरतात तिथपासून विसरलो. अमेरिकेत त्याच दिवशी तो घरबसल्या स्ट्रीमिंगवर पण आला होता आणि दिग्दर्शक व्हिलनव्ह यांनी त्या निर्णयाविरुद्ध आधीच जाहीर लेख लिहिला होता. बघितल्यावर त्यांचं म्हणणं मला पटलं.

आता नुसतं प्रेम नाही, हिशोब सांगतो. घरी जी प्रत मिळते ती २.३९ च्या पट्टीत आहे, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंदी. टीव्ही असतो १६:९. मग वर खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याचा जवळजवळ पाव भाग काळाच राहतो. तुमच्या ४३ इंचीत चित्राची खरी उंची ४० सेंमीच्या आसपास उरते, फूटपट्टीपेक्षा थोडी जास्त. तेच डिजिटल आयमॅक्सला (खास मोठ्या, उंच पडद्याचं थिएटर) १.९० ची चौकट असते, तेवढ्याच रुंदीत उंची साधारण २६ टक्के जास्त. दुसरा भाग तर पूर्णच आयमॅक्ससाठी शूट केलाय. वाळूतून तो प्रचंड किडा वर येतो तेव्हा ती उंची लागते हो, माणूस खाली मुंगीएवढा दिसला पाहिजे आणि आपली मान वर गेली पाहिजे.

पहिले दोन परत लागले तर एक क्षण विचार करू नका. नाही लागले तर घरी बघा, पण तिसरा थिएटरातच.


शांतता_राखा:

वरच्या दादांचं सगळं मान्य आहे पण प्रश्न कानाच्या मशीनचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. माझी आई ७४ ची, तिलाही दोन्ही कानांना मशीन.

मी तिला दुसरा भाग थिएटरात नेला होता. कुठलं थिएटर ते महत्त्वाचं नाही, पण आवाज इतका चढवलेला होता की वाळूवर ते ठोके देणारं यंत्र सुरू झालं तसं तिने दोन्ही मशीन काढून पर्समध्ये टाकली आणि पुढचा सव्वा तास काहीही न ऐकता बसली. मला इंटरव्हलनंतर कळलं. घरी येऊन म्हणाली पिक्चर सुंदर होता पण कोण कोणाला काय म्हणालं ते तू सांग. मला इतकं वाईट वाटलं, आधीच तिच्या ऑडिओलॉजिस्टला विचारायला हवं होतं.

नंतर विचारलं. त्यांनी मशीनमध्ये मोठ्या आवाजासाठी वेगळा प्रोग्रॅम सेट करून दिला, बटण दाबून बदलता येतो. सगळ्या मशीनमध्ये असतो का माहीत करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं म्हणजे सीट मधल्या भागात घ्या, भिंतीला लागून स्पीकर असतात तिथे नको. पण गुडघा आहे म्हणून कडेची सीट लागणार, तर मधल्या ब्लॉकची कडेची घ्यायची, भिंतीकडच्या ब्लॉकची नाही. आणि मोठ्या पडद्याच्या हॉलमध्ये पायऱ्या उंच आणि अंधारात असतात, आत शिरायचा दरवाजा वरून आहे का खालून ते फोन करून विचारा. दरवाजा खाली आणि सीट वरून चौथ्या रांगेत असलं तर गुडघ्याला फार होतं.

सबटायटल पण विचारा. आपल्याकडे मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी सिनेमाला बऱ्याचदा इंग्रजी सबटायटल असतात, पण गृहीत धरू नका. वीकडेला सकाळचा शो बघा, गर्दी कमी, इंटरव्हलला बाथरूमची रांग नाही, आणि वयस्कर माणसाला सकाळी डोकं ताजं असतं. या वयात बसण्याचा त्रास होतो त्यापेक्षा उठून जाऊन वेळेत परत येण्याचं टेन्शन जास्त असतं हे मी आईकडून शिकले.

बाकी पहिला आणि दुसरा घरीच दाखवा असं माझं स्पष्ट मत. थांबवता येतो, मागे नेता येतो. पहिल्या भागात अर्धे संवाद कुजबुजत आहेत.


बाराचा_भाव:

टीव्ही का साउंडबार यावर सांगतो, घरच्या सेटअपचा मला नाद आहे.

आधी सोफा पुढे ओढा. फुकट आहे. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंमी असते, थिएटरात बसल्यासारखा पडदा डोळ्यात भरायचा तर साडेचार फुटांवर बसायला लागतं. ५५ इंची असेल तर साडेपाच फूट. तुम्ही १० फुटांवरून बघताय म्हणजे मोठा टीव्ही आणला तरी निम्मा फायदा वायाच जाणार. खुर्ची ओढून ५ फुटांवर ठेवा, एक दिवस हॉल विस्कटलेला चालतो.

मग सेटिंग. टीव्हीमध्ये मोशन स्मूदिंग नावाचा प्रकार असतो, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, तो बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि मग वाळवंटातलं महायुद्ध डेली सोपसारखं दिसतं. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा. आणि या पिक्चरमध्ये अंधार खूप आहे, दुपारी खिडकी उघडी ठेवून बघितला तर टीव्हीत आपलंच तोंड दिसतं. जाड पडदे लावा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर लावा.

पैसे आवाजावर घाला असं मी म्हणेन, पण थांबा. बाबांसाठी साउंडबारच्या आधी एक गोष्ट बघा, बऱ्याच कानाच्या मशीनना टीव्हीला जोडायची छोटी डबी मिळते, टीव्हीचा आवाज वायरलेस थेट मशीनमध्ये जातो. खोलीतला पंखा, कुकर, बाहेरचे हॉर्न यातलं काही मध्ये येत नाही. मशीन जिथून घेतलंय तिथेच विचारा. ते जमलं तर साठातले बरेच वाचतील. साउंडबार घ्यायचाच तर ३.१ घ्या, २.१ नको, कारण तो जो मधला स्पीकर असतो त्यातून संवाद येतात, २.१ मध्ये तो नसतो आणि मग संगीतकार हान्स झिमरचं संगीत संवादांवर चढून बसतं. त्या संगीताला ऑस्कर मिळालंय आणि ते ऐकायलाच हवं, पण त्याखाली माणसं काय बोलतायत तेही कळायला हवं ना.


वाचनवेडा_सदाशिव:

माझं पुस्तकाबद्दल. तुमच्या बाबांनी मार्जिनमध्ये लिहिलंय हे वाचून फार बरं वाटलं.

ज्याने पुस्तक इतकं मनापासून वाचलंय त्याला सिनेमा बघताना कुठे टोचेल ते आधी सांगून ठेवा, म्हणजे ते चिडणार नाहीत. पहिला भाग पुस्तकाच्या मध्यावर थांबतो, नायक पॉलचं जॅमिसशी द्वंद्व होतं आणि तो व त्याची आई जेसिका वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांबरोबर चालायला लागतात तिथेच. पुस्तकातली ती मोठी मेजवानी, जिथे सगळे पाण्यावरून एकमेकांना टोमणे मारतात, ती सिनेमात नाहीच. पाण्यासाठी वाचणाऱ्या माणसाला ती नक्की आठवणार. दुसऱ्या भागात काळ आवळलाय, पुस्तकात मध्ये वर्षं जातात, पॉल आणि त्याची फ्रेमेन प्रेयसी चानी यांना मूल होतं, सिनेमात जेसिका गरोदर असते तेवढ्यातच सगळं उरकतं. आणि चानी पूर्ण वेगळी आहे, पुस्तकात ती पॉलच्या पाठीशी उभी असते, सिनेमात ती प्रश्न विचारते. मला स्वतःला सिनेमातली जास्त आवडली. हर्बर्टना वीरपुरुषांपासून सावध राहा हेच सांगायचं होतं, आणि पहिलं पुस्तक वाचून लोक पॉलच्या प्रेमातच पडले, मग १९६९ च्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी ते जास्त उघड केलं. सिनेमात ते काम चानीचा चेहरा करतो. तिसरा सिनेमा त्या दुसऱ्या पुस्तकावर आहे. बाबांनी ते वाचलं नसेल तर आत्ताच आणून द्या, लहान आहे, डिसेंबरपर्यंत आरामात होईल.

एक गोष्ट बाबांना नक्की सांगा. हर्बर्टना या पुस्तकाचं बीज ओरेगॉनमध्ये मिळालं. फ्लॉरेन्स नावाच्या गावाजवळ समुद्राकाठचे वाळूचे ढिगारे सरकत रस्त्यांवर यायचे, ते गवत लावून थांबवायचा सरकारी प्रयोग चालला होता, त्यावर लेख लिहायला म्हणून ते गेले. लेख राहिला बाजूला आणि काही वर्षांनी १९६५ ला हे पुस्तक आलं. वीसपेक्षा जास्त प्रकाशकांनी नाकारलं आणि छापलं कोणी तर गाड्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या चिल्टनने. गवत लावून जमीन धरून ठेवायची, पाणी अडवायचं, हे ज्याने पाझर तलावावर खडी फोडलीये त्याला सांगायला नको. लिहिणाऱ्याला पाण्याचं कळलंय असं ते म्हणतात ते अगदी खरं आहे.

घरी का थिएटरात? पहिले दोन घरी, पुस्तक मांडीवर ठेवून. माझ्या मते या माणसासाठी तेच बरोबर आहे.


पडदा_७०एमएम:

सदाशिववाल्यांनी लिहिलेलं वाचून मी माझं थोडं बदलतो. पहिले दोन घरी ठीक. फक्त तुकड्या तुकड्यात बघू नका, आज अर्धा तास उद्या अर्धा तास असं केलं की हा पिक्चर मरतो, हळू आहे, त्यात बुडायला वेळ लागतो. पहिला १५५ मिनिटांचा आहे, दुसरा १६६. मध्ये एक चहाचा ब्रेक, बास.


माणदेशी_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

टीव्ही घेतला नाही, साउंडबारही नाही. ती कानाच्या मशीनची डबी मिळाली, बाबांच्या मॉडेलला चालणारी. आधी त्यांचा विश्वास बसेना, मी म्यूट करून दाखवलं की खोलीत आवाज शून्य आणि तुम्हाला येतोय, तर दोन मिनिटं नुसत्या बातम्या ऐकत बसले. पण आम्हाला बाकीच्यांना पण ऐकायचं होतं म्हणून टीव्हीचा आवाज चालू आणि त्यांना वेगळा थेट, असं दोन्ही एकदम होतं का ते सेटिंगमध्ये शोधायला लागलं, आमच्या टीव्हीत झालं. मोशन स्मूदिंग बंद केलं. खुर्ची ५ फुटांवर, पाय ठेवायला स्टूल. रविवारी संध्याकाळी लावला, बाहेर धो धो पाऊस, खिडकीच्या काचेवरून पाणी वाहतंय आणि आत सगळं कोरडं वाळवंट, मला स्वतःला कसंतरीच होत होतं.

पुस्तक मांडीवर होतं पण उघडलं नाही त्यांनी. खजुराच्या झाडांचा सीन आला, तो माणूस पाणी घालत असतो तो, तिथे संवाद यायच्या आधीच बाबा म्हणाले, "एक झाड म्हणजे पाच माणसं. वीस झाडं, शंभर माणसं." पुस्तकात एका झाडाला रोज ४० लिटर आणि माणसाला ८ असा हिशोब दिलाय, तो त्यांना पाठ होता. मग पडद्यावर तेच आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही पण मान हलवली.

आणि मग तो फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार येतो आणि राजाच्या टेबलावर थुंकतो, सगळे तलवारीला हात घालतात आणि राजाचा माणूस डंकन सांगतो की तुमच्या शरीरातल्या पाण्याची भेट दिलीत त्याबद्दल आभार. तिथे बाबांनी हात वर केला, थांबव म्हणाले. मागे घे. परत बघितला. परत मागे घे. तीनदा बघितला. मग म्हणाले, आमच्याकडे ७२ ला पाव्हणा आला की माझी आई गूळ द्यायची आणि पाणी द्यायला मडक्यात वाकून बघायची, आणि पाव्हणा ते बघून म्हणायचा की तहान नाही मला. मी ४५ वर्षांची आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

थिएटरात हे थांबवता आलं नसतं, त्यामुळे घरी दाखवला हे बरंच झालं. पण दुसरा भाग बघताना पॉल पहिल्यांदा किड्यावर स्वार होतो तिथे ते स्वतःच म्हणाले की हा टीव्ही लहान पडतोय गं. खुर्ची अजून पुढे सरकवली, तरी लहानच. चानीबद्दल आधी सांगितलं होतं म्हणून बरं, शेवटी ती निघून जाते तिथे गप्प बसले आणि मग म्हणाले पुस्तकात असं नाही, पण हे बरोबर आहे.

त्यामुळे डिसेंबरचं पक्कं. दुसरं पुस्तक आणून दिलंय, डिक्शनरी परत बाहेर निघालीये. पहिले दोन दिवस सोडून वीकडेचा सकाळचा शो, मधल्या ब्लॉकची कडेची सीट, मशीनचा प्रोग्रॅम नोव्हेंबरमध्ये सेट करून घेणार. मगरपट्ट्याच्या आणि वाकडच्या अशा दोन्ही थिएटरांत आधी एकटी जाऊन दुसरा कुठलातरी पिक्चर बघून पायऱ्या मोजून येणार आहे. कोथरूडहून सकाळच्या ट्रॅफिकमध्ये कुठलं सोपं पडेल?


शांतता_राखा:

किती छान. मीही आईला पहिला भाग परत दाखवते आता, त्या डबीबद्दल मला माहीतच नव्हतं.

वाकडला सकाळी हिंजवडीचा लोंढा असतो, वीकडेला नको. मगरपट्टाही लांबच आहे पण दहाच्या पुढे निघालात तर बरं पडतं. पायऱ्या मोजायला जाल तेव्हा लिफ्टमधून उतरल्यावर हॉलच्या दारापर्यंत किती चालायचंय तेही बघा, मॉलमध्ये ते अंतर पायऱ्यांपेक्षा जास्त निघतं, आणि मध्ये बसायला बाक आहे का ते पण.